सांबराचा वाटा

“मिरची लावा,” साहेब म्हणाले.

माझ्या शेताच्या मेरेवर ते बूट घालून उभे होते. समोर गुडघाभर वाढलेलं वायंगणाचं भात, आणि त्यातला निम्मा तुकडा विळ्याने कापून नेल्यासारखा फस्त झालेला. चिखलात खुरांचे ठसे होते. इतके ताजे, की त्यांत अजून पाणी पाझरत होतं.

“मिरचीला जनावर तोंड लावत नाही,” साहेबांनी पुन्हा सांगितलं. “किंवा झेंडू लावा. पीकपद्धत बदलायला हवी तुम्ही लोकांनी.”

“बदलू की,” मी म्हटलं. “मग पोरांच्या ताटात भाताच्या जागी झेंडू वाढते.”

बागवे गार्डाने मान फिरवून खोकल्याचं निमित्त केलं. तो आमच्याच पंचक्रोशीतला. अंगावर वनखात्याची खाकी होती, पण हसू त्याला आवरत नसे. साहेब मात्र नवे, जिल्ह्याला नुकतेच बदलून आलेले. जहागीरदार त्यांचं नाव, आणि जिल्ह्यातलं सगळं जंगल त्यांच्या हाताखाली. माणूस वाईट नव्हता, हे मी आज सांगते. त्या दिवशी कोणी मला तसं सांगितलं असतं तर त्यालाही मी चार शब्द सुनावले असते.

माझ्या मागे धाकू भावजी उभे होते. माझ्या नवऱ्याचे थोरले चुलतभाऊ. आमच्या हुमरखोल गावात त्यांच्याएवढा नेम कोणाचा नव्हता. घरात आजोबांपासूनची ठासणीची बंदूक, तिला शेतीसंरक्षणाचा रीतसर परवाना, आणि डोळा असा की बार फुकट गेलेला कोणी ऐकला नाही. पण साहेबांसमोर त्यांनी एक अक्षर काढलं नाही. हात पाठीमागे बांधून ते त्या ठशांकडे बघत राहिले.

“तुमी काय तरी बोला हो भावजी,” मी म्हटलं.

“तू बोलतंस मा? मग झाला,” ते म्हणाले.

वायंगण म्हणजे आमचं उन्हाळी भात. पावसाळी कापणी झाली की व्हाळावर, म्हणजे ओढ्यावर, दगडामातीचा बांध घालायचा, पाणी अडवायचं आणि पौषात पुन्हा लावणी करायची. फाल्गुनात सगळं रान वाळून करडं होतं, तेव्हा मळ्यात तेवढाच एक हिरवा तुकडा राहतो. तो सांबराला न दिसला तरच नवल. पूर्वी वाडीतली सगळी घरं वायंगण करायची. आधी डुकरांनी पिडलं, मग सांबरांनी, आणि एकेका घराने हात टेकले. त्या वर्षी आम्हा घाड्यांची दोनच घरं उरली होती. भावजींचं शेत जरासं, माझं मोठं. मी ठरवूनच टाकलं होतं, की यंदाही भात गेलं तर पुढच्या वर्षी लावणी नाही. आणि मी सोडलं असतं तर नुसत्या भावजींच्या तुकड्यासाठी व्हाळावर बांध घालायला कोण आलं असतं? हुमरखोलातलं वायंगण तिथेच संपलं असतं.

खाणारा एकच होता. मोठा नर, एक शिंग मधूनच मोडलेलं. आम्ही त्याला मोडक्या म्हणायचो. डबे वाजवून झाले, जुनी लुगडी बांधून झाली, मळ्यातल्या मांगरात, राखणीच्या खोपीत, जाळ करून झाला. मोडक्याला आमची सवय झाली होती. माझा नवरा एसटीत ड्रायव्हर, त्याची ड्युटी घाटावर. तेव्हा राखणीला मी, नाहीतर भावजी.

डुक्कर मारायची परवानगी तालुक्याला मिळायची. सांबराची वरून यायची. वर म्हणजे कुठे, ते बागवेलाही सांगता येत नसे. आम्हाला वर म्हटलं की रवळनाथच आठवायचा, आणि त्याच्याकडे निदान नारळ तरी चालतो. गावातले बंदूकवाले संध्याकाळी आमच्या घरापुढच्या खळ्यात बसून हेच उगाळत बसायचे. पीक तयार होतं तेव्हा नेमकी निवडणूक लागायची, आणि निवडणूक लागली की सगळ्यांच्या बंदुका पोलीस ठाण्यात जमा. निकाल लागून बंदुका परत येईपर्यंत शेतात धाटंच उरलेली असायची.

“बंदूक आमची, परवानो तेंचो,” भावजी एकदा म्हणाले होते. “रान तेंचा, जनावर तेंचा. आमचा काय? जागरण.”

“मग घाला एक बार आणि मोकळे व्हा,” मी म्हटलं होतं. “कोण बघतंय? शेजारच्या गावात काय कमी मारतत?”

“चोरान मारलेल्याचो वाटो देवाक खयसून दिवचो?”

आमच्याकडे शिकार पडली की आधी देवाचा वाटा काढतात. मग कुत्र्यांचा. मग रानात आलेल्या प्रत्येकाचा सारखा, मग तो रान उठवणारा हाकारा असो नाहीतर वाटेने चाललेला परका माणूस असो. बंदूकवाल्याला काय ते डोकं जास्तीचं. हे सगळं देवळासमोर, उघड्यावर. भावजींच्या हाताने चोरटी शिकार होणार नव्हती, हे गावाला ठाऊक होतं.

साहेब मिरची सांगून गेले त्याच्या दुसऱ्या दिवशी मी खाल्लेल्या भाताची एक पेंढी बांधली आणि जिल्ह्याची एसटी पकडली. ऑफिसच्या शिपायाने अडवलं. मी म्हटलं, साहेबांची पाहुणी आहे, गावाकडून भाजी आणली आहे. आत जाऊन चिखलामुळांसकट ती पेंढी साहेबांच्या टेबलावर ठेवली. काचेवर चिखलाचं पाणी पसरलं.

“हे काय?”

“मिरची,” मी म्हटलं.

साहेब रागावतील असं वाटलं होतं. त्यांनी पेंढी उचलून तिची चावलेली टोकं बघितली. मग त्यांनी शिपायाला फडकं आणायला सांगितलं आणि मला बसायला खुर्ची दिली.

“बाई, माझ्या हातात असतं तर आजच दिलं असतं. मला वर पटवून द्यावं लागतं.”

“मग पटवा. नायतर वरच्यांना एकदा आमच्या मांगरात झोपायला पाठवा.”

ते हसले नाहीत, पण त्यांनी पटवलं. होळी जवळ आली आणि भात पोटरीवर आलं, तेव्हा एका सकाळी बागवे मोटारसायकल आमच्या खळ्यापर्यंत चढवून घेऊन आला. लांबूनच ओरडत होता, “वयनी, गूळ काढा! इलो परवानो! एक नर सांबर, धाकू घाड्यांच्या नावार!”

मी खरंच गूळ घेऊन धावले. भावजींचं आणि आमचं खळं एकच, मध्ये तुळस. भावजी दोर वळत बसले होते. त्यांची बायको, माझी मथुराजाऊ, चुलीपुढून उठून आली. गुळाचा खडा मी भावजींच्या हातावर ठेवला. त्यांनी तो तोंडात टाकला नाही.

“वाच,” ते बागवेला म्हणाले.

बागवेने वाचलं. एवढ्या मुदतीत, खात्याच्या माणसांसमोर, दिवसाउजेडी. मादी किंवा पिल्लू पडलं तर गुन्हा. तिथवर भावजी मान हलवत होते. मग बागवेचा आवाज जरा उतरला.

“मेलेलो जनावर अख्खो पुरूचो. शिंगा, कातडा, मास, काय्येक उचलूचा नाय. वर रॉकेल.”

“म्हणजे खावचो नाय?”

“नाय.”

“देवाचो वाटो?”

“नाय हो काका. केस पण न्हेवक गावचो नाय.”

“कुत्र्यांका तरी?”

बागवेने कागदाची घडी घातली. भावजींनी गुळाचा खडा तुळशीच्या कट्ट्यावर ठेवला आणि दोर पुन्हा हातात घेतला.

“मग माझ्यान जमाचा नाय.”

आधी मला वाटलं, थट्टा करताहेत. मग माझं डोकं सटकलं. जिल्ह्यापर्यंत खेप घातली मी. साहेबाच्या काचेवर चिखल सांडला, आणि हा माणूस दोर वळतोय!

“भावजी, माझ्या भातापेक्षा तुमका मटण मोठा झाला?”

मथुराजाऊने मला हाताने गप्प केलं, पण मी कसली ऐकते. “खावक गावचा नाय म्हणान तुमी मारूचे नाय? मी देतंय कोंबे कापून! किती होये ते सांगा!”

“मटणासाठी नाय गो,” ते म्हणाले.

“मग कित्यासाठी?”

“तुका सांगान कळाचा नाय.”

आणि खरंच त्यांनी पुढे काही सांगितलं नाही. माणूस बोलत नाही याचा मला भारी राग. भांडणाऱ्याशी भांडता येतं, दोर वळणाऱ्याशी काय करायचं? त्या दिवशी तुळशीपलीकडे मी रोजचं ताकाचं भांडं पाठवलं नाही. मथुराजाऊही आली नाही. दुसऱ्या दिवशी उजाडताना मळ्यात गेले तर मोडक्याने उरलेल्यातला आणखी एक पट्टा खाल्लेला. पोटरीतलं कोवळं भात अर्धवट चावून थुंकलेलं. माणसाने तरी एवढा माज करू नये.

मी कुदळ घेतली आणि व्हाळावर गेले.

बांधाची माती ओली होती. पहिल्या दोन घावांत वरचे दगड सुटले आणि पाण्याने वाट धरली. बांध फुटला असता तर दोन दिवसांत शेतं सुकली असती, माझं आणि त्यांचंही. मला ते कळत होतं. मी रडत होते आणि कुदळ मारत होते. बांध दरवर्षी भावजी घालायचे. त्यातला एकेक दगड त्यांनी खांद्यावरून आणलेला, पहिल्या दगडाला ते कुंकू लावायचे.

मागून कोणीतरी कुदळीचा दांडा धरला.

“सोड.”

“नाय सोडूचंय. संपवन टाकतंय एकदाचा. तुमी बसा दोर वळत.”

“शेवंती, सोड म्हणतंय मा.” त्यांनी कुदळ काढून घेतली, गुडघाभर पाण्यात उतरले आणि निसटलेला दगड पुन्हा जागी बसवला. माती चेपता चेपता माझ्याकडे न बघता म्हणाले, “सांग बागव्याक. मारतंय.”

मी जिंकले होते. घरी जाऊन मी दोन्ही घरांपुरतं ताक घुसळलं.

साहेब स्वतः आले. सोबत जीप, कॅमेरा आणि चार मजूर. आम्ही मळ्यात पोचलो तेव्हा मजुरांनी मेरेच्या वर, किंजळीच्या झाडाखाली खड्डा खणूनही ठेवला होता. चांगला लांबरुंद. वाडीतली हाकारे म्हणून आलेली माणसं त्या खड्ड्याभोवती गोळा झाली होती.

“आधीच खणलो?” एक जण म्हणाला. “जनावर रानात आणि खड्डो तयार?”

“वेळ वाचतो,” साहेब म्हणाले.

भावजींनी खड्ड्यात डोकावून बघितलं आणि ते मळ्यातल्या देवाच्या दगडाकडे गेले. रानात शिरण्याआधी गाऱ्हाणं घालायचा मान आमच्या घाडी घराण्याचा, आणि घराण्यात त्यांचा. त्यांनी नारळ ठेवला, डोक्यावरची टोपी नीट केली. माणसं मागे उभी राहिली. साहेबांनीही बूट काढले, तेवढं मला आवडलं.

“बा देवा म्हाराजा,” भावजींनी सुरू केलं, “आज ही तुझी लेकरां रानात जातहत...”

“व्हय म्हाराजा!”

“वाटेत काटो येत, किरडू येत, तां दूर कर...”

“व्हय म्हाराजा!”

याच्या पुढचे शब्द वाडीतल्या पोराटोरांना पाठ होते. शिकार गावली तर तुझो वाटो तुका, कुत्र्याचो कुत्र्याक. भावजी तिथे आले आणि थांबले. इतके थांबले, की मागच्यांनी एकमेकांकडे बघितलं. मग ते म्हणाले,

“आज जो बार सुटात, तो माझ्या एकट्याच्या माथ्यार. माझ्या भावबंदांवर नको, गावार नको, ह्या सायबावर नको.”

“व्हय म्हाराजा!” सगळे सवयीने ओरडले. मी पण. साहेब पण.

मी मेरेवरच थांबले. हाकारे कुत्री घेऊन पलीकडच्या डोंगराला वळसा घालून गेले. भावजी व्हाळाकाठी जांभळीच्या बुंध्याशी बसले, साहेब आणि बागवे त्यांच्या मागे. बराच वेळ नुसती पाखरं. मग वरून आरडाओरडा सुरू झाला, डबे, कुत्री. एक भेकर धडपडत खाली आलं आणि पाणी ओलांडून गेलं. दोन सांबरी गेल्या, एकीमागे पिल्लू. भावजी हलले नाहीत. आणि मग मोडक्या आला. तो धावत नव्हता. रोजच्या वाटेने आल्यासारखा आला, मळ्याच्या तोंडाशी थांबला आणि मान वर करून त्याने माझ्या भाताकडे बघितलं.

एकच बार झाला. धूर पांगला तेव्हा मोडक्या माझ्या शेतात आडवा होता. पुढचे पाय मेरेवर, डोकं भातात.

शिकार पडली की बंदूकवाला आरोळी देतो आणि डोंगरभर हाकारे तिला उत्तर देतात. भावजींनी आरोळी दिली नाही. माणसं आपणहून खाली आली. कुत्री रक्ताच्या वासाने पुढे झेपावली. हा त्यांचा हक्काचा क्षण, पण बागवेने त्यांना दोराने झाडाला बांधायला लावलं. ती अशी केकाटायला लागली, की साहेबांना ओरडून बोलावं लागत होतं.

“उत्तम! एका गोळीत! घाडी, बंदूक घेऊन इकडे उभे राहा. फोटो हवा.”

भावजी नळी पुसत बसले होते. “तेचो घेवा,” ते म्हणाले. “माझो कित्याक?”

“अहो, चांगलं काम झालंय. वरच्या लोकांना दिसायला नको? पुढच्या वर्षी हेच दाखवून परवानगी मागता येईल.”

“घेवा तुमी,” भावजी म्हणाले, पण उठले नाहीत. शेवटी साहेबांनी बागवेला उभा करून फोटो काढला.

मजुरांनी आणि आमच्या माणसांनी मिळून ते धूड खड्ड्यापर्यंत ओढलं. “एवढा मास मातयेत,” कोणीतरी पुटपुटलं. म्हातारे होते ते तोंड फिरवून उभे राहिले. खाली सोडताना मोडक्याची मान वळली आणि तोंडातून हिरवी धाटं बाहेर आली. माझंच भात. मला समाधान वाटायला हवं होतं. मी वाट बघितली, पण ते आलं नाही.

बागवेने रॉकेल ओतलं. मजूर फावडी घेऊन पुढे झाले तेव्हा भावजी उठले, त्यांना हाताने थांबवलं, वाकून तीन मुठी माती घेतली आणि एकेक करून आत टाकली. मग ते वळले, व्हाळावर गेले आणि अंगावरच्या कपड्यांसकट पाण्यात बुडी मारली. घामाने जीव नकोसा झाला असेल, असं मला वाटलं.

त्या दिवसापासून ते घरी आले नाहीत. मळ्यातल्या मांगरात राहायला लागले. मथुराजाऊ सकाळ-संध्याकाळ भाकरी नेऊन द्यायची, आणि ती लांब ठेवून यायची. मी विचारलं तर म्हणाली, “रवतत तर रवांदेत. राखण होता.” ती माझ्याशी पहिल्यासारखं बोलत नव्हती. मला वाटलं, त्या दिवशीचं मटणाचं बोलणं तिच्या मनातून गेलं नसेल.

होळीच्या दिवशी सगळा गाव देवळासमोर जमला. पोफळीच्या खोडाची होळ उभी करायची होती. माझा नवरा रजा घेऊन आला होता. गाऱ्हाण्याची वेळ झाली आणि भावजींचा पत्ता नाही. पोरं पाठवली. ते आले, पण देवळाच्या आवाराबाहेर, आंब्याखालीच उभे राहिले. दाढी वाढलेली, डोक्याला टोपी नाही.

“अरे धाकू, भितर ये. खोळंबलंव,” पोलीस पाटील म्हणाले.

“माका येवक गावचा नाय. माका सुतक आसा.”

ढोल थांबले. सगळ्यांनी आमच्याकडे बघितलं, कारण सुतक एका घाड्याला म्हणजे सगळ्या घाड्यांना. मी नवऱ्याकडे बघितलं, तो माझ्याकडे.

“कोण मेलो रे?” पाटलांनी विचारलं.

“सांबर.”

कोणीतरी हसलं. पण हसू पुढे गेलं नाही.

“मारतत ता खावक,” भावजी म्हणाले. “वाटो घालतत, चार तोंडांत जाता, मग ती शिकार. तां पुरला मा मी. पुरतत तेका शिकार म्हणनत नाय. मयत म्हणतत. माझ्या हातान मयत झाला.”

“अरे पण मग सगळ्या घाड्यांक सुतक!” पाटील चिडले. “होळयेक गाऱ्हाणा कोणी घालूचा?”

“घाड्यांक नाय. माका एकट्याक. मी गाऱ्हाण्यात सांगलंय थय. बार माझ्या माथ्यार, भावबंदांवर नको. तुमी सगळे व्हय म्हणालास.”

हाकारे म्हणून गेलेली सगळी माणसं तिथे होती. सगळी व्हय म्हणाली होती. देवासमोर व्हय म्हटलेलं मागे घेता येत नाही. पाटील माझ्या नवऱ्याला म्हणाले, “वसंता, तू हो फुडे.”

माझा नवरा पुढे झाला. आयुष्यभर स्टिअरिंग धरलेला माणूस. त्याला निम्मे शब्द आठवले, निम्मे मागच्यांनी सांगितले. घराण्याचा मान घरातच राहिला, सगळे म्हणाले, पण राहिला तो आमच्या घरात. मी आंब्याकडे बघितलं. भावजी तिथे उभे होते आणि आम्ही ‘व्हय म्हाराजा’ म्हटलं की त्यांचे ओठ हलत होते. मला रडू फुटलं. एवढ्या माणसांत मी पदर तोंडात कोंबून रडले. मथुराजाऊने येऊन माझा हात धरला.

सुतक फिटलं तशी भावजींनी दाढी केली, बंदूक फडक्यात गुंडाळली आणि एसटीने तालुक्याला जाऊन पोलीस ठाण्यात देऊन आले. निवडणूक नव्हती की काही नव्हतं. हवालदाराला वाटलं, म्हाताऱ्याला तारीख चुकली.

चैत्रात भात कापलं. मोडक्या गेल्यावर उरलेलं सगळं हाताला आलं, लोंब्या भरलेल्या. मांगराशेजारी झोडणी चालली होती आणि जीप आली. साहेब उतरले. चेहऱ्यावर आनंद मावत नव्हता.

“घाडी, तुमच्यासाठी भांडून आलोय वर. पुढच्या वर्षीपासून सांबराची परवानगी तालुक्यातच मिळेल. पीक असतानाच. आणि हे काय ऐकतोय? बंदूक जमा केलीत?”

“व्हय.”

“का? इतकी वर्षं तुम्हीच लोक ओरडत होता, परवाना द्या, परवाना द्या. आता मी घेऊन आलोय तर—”

“उपकार झाले सायब,” भावजी म्हणाले, आणि ते मनापासून म्हणाले. “पण पुरूचा लागतला मा?”

“तो कायदा आहे. खायला मोकळीक दिली तर उद्या जंगलात काही शिल्लक राहील का?”

“ता पण खरा,” भावजी म्हणाले.

दोघांचंही खरं होतं, आणि मला दोघांचाही राग येत होता. भावजी माझ्याकडे वळले.

“शेवंती, नवो भात शिजलो काय?”

मांगरात मी नव्या तांदळाचा भात टाकला होता. पहिला भात देवाला दाखवून मगच बाकीचे जेवतात. मी केळीच्या पानावर देवाचा काढला.

“आणि एक पान काढ.”

“कोणाचा?”

“तेचा.”

मी पान वाढलं. नुसता भात, वर मिठाचा खडा. आम्ही किंजळीखाली गेलो. माती खचून थोडी खोलगट झाली होती आणि तिच्यावर सांडलेल्या दाण्यांचे दोन-चार कोंब उगवले होते. भावजींनी पान ठेवलं. मयताच्या पानाला कावळा शिवतो, म्हणून आम्ही बाजूला उभे राहिलो. भावजी, मी, मथुराजाऊ, आणि काय चाललंय ते न विचारता साहेब.

कावळा आला नाही. मांगराकडून भावजींची दोन कुत्री वास घेत आली. मी हाकलायला दगड उचलला. भावजींनी माझा हात खाली केला. कुत्र्यांनी सगळा भात खाल्ला, पान चाटून पुसून साफ केलं आणि तिथेच मातीवर बसली.

“तेंचो वाटो ऱ्हवलेलो,” भावजी म्हणाले.

मग मी मांगरात गेले आणि सगळ्यांची पानं वाढली. एक पान साहेबांपुढे धरलं. ते म्हणाले, मी जेवून आलोय.

“घ्या,” मी म्हटलं. “रानात आलेल्याचा वाटा असतो.”

त्यांनी बूट काढले आणि आमच्या पंगतीत बसले.